वाङ्मयाच्या परीक्षेची उजळणी

वसंतातल्या व्याख्यानांना आपल्याकडे ज्या दिवसांत आरंभ होतो, त्या दिवसांत मुलांच्या परीक्षा बहुतेक आटोपलेल्या असतात. पुस्तके माळ्यावर जातात, मुले आंब्याच्या अढीभोवती घोटाळू लागतात, आणि वडील मंडळींना संध्याकाळी व्याख्यानाला येण्याइतकी सवड सापडते. इंग्लंडात नेमके याच्या उलट घडते. तिकडचा वसंत हा परीक्षेचा ऋतू आहे. मे महिना लागला की सतरा-अठरा वर्षांची मुले 'ए लेव्हल' नावाच्या परीक्षेला बसू लागतात आणि जूनच्या उत्तरार्धापर्यंत बसतच असतात. निकाल ऑगस्टच्या मध्याला लागतो. विद्यापीठांनी तोपर्यंत जागा देऊन ठेवलेल्या असतात, पण त्या अटीवर. अमुक विषयात अमुक श्रेणी मिळाली तर जागा तुमची, न मिळाली तर दुसरीकडे पाहा, असा तो रोखठोक व्यवहार आहे.

या परीक्षेतल्या इंग्रजी वाङ्मय या एका विषयाची उजळणी कशी करावी, हे आज सांगायचे आहे. कुणी म्हणेल, विलायतेतल्या पोरांच्या अभ्यासाची चिंता आपण कशाला वाहावी? एक तर ती पोरे आता सगळीच परकी राहिलेली नाहीत. ज्यांची नातवंडे तिकडच्या शाळांतून शिकतात अशी घरे आज गावोगाव आहेत, आणि केंब्रिजकडून घेतली जाणारी याच जातीची परीक्षा मुंबई-पुण्याच्या काही शाळांतूनही देता येते. दुसरे कारण अधिक जवळचे आहे. उजळणी म्हणजे पुन्हा वाचणे, अशी आपली सर्वांचीच समजूत असते. आम्ही स्वतः त्याच समजुतीच्या आधारावर पदवीपर्यंत पोचलो आणि पुढच्या परीक्षेत तिच्यापायीच आपटलो. ती हकीकत पुढे येईलच.

गेल्या वर्षी जानेवारीत आमच्या भाचीचा इंग्लंडहून फोन आला. "मामा, तुम्ही हिच्याशी जरा बोला. माझं काही ऐकत नाही." ही म्हणजे भाचीची मुलगी, नात्याने आमची नातच. शाळेतल्या सराव परीक्षेत 'ऑथेल्लो'वरच्या उत्तराला तिला पंचवीसपैकी नऊ गुण पडले होते. मुलगी वाचनाची मोठी हौशी. लहानपणी सुटीत आमच्याकडे आली की कपाटासमोरून हलत नसे. ती फोनवर आली आणि म्हणाली, "आजोबा, मी ते तीनदा वाचलंय. आता मला ते नाटक डोळ्यांसमोरसुद्धा नको झालंय." नऊ गुणांपेक्षा हे दुसरे वाक्य आम्हांला जास्त लागले. परीक्षा काय, पुन्हा देता येते. अठराव्या वर्षी शेक्सपिअर नकोसा झालेले माणूस त्याच्याकडे परत येईलच, याची हमी कोण देणार?

तिने आपले पुस्तक कॅमेऱ्यासमोर धरले. पानन् पान रंगलेले. पिवळा रंग मत्सराचा, गुलाबी स्त्रियांचा, हिरवा वंशभेदाचा, निळा कशाचा ते तिचे तिलाही सांगता आले नाही. आम्ही म्हटले, "छान. आता पुस्तक मिट आणि सांग, तो रुमाल खाली कसा पडतो?" ती म्हणाली, "डेस्डिमोनाच्या हातून पडतो आणि एमिलिया उचलते." "ते झालं. पण कसा पडतो?" यावर पलीकडे बराच वेळ शांतता. जी ओळ तिने तीन वेळा वाचली होती आणि दोन रंगांनी रंगविली होती, ती तिला आठवत नव्हती.

यात त्या मुलीचा दोष फारसा नाही. पुन्हा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो, आणि ओळख म्हणजेच ज्ञान असे मन धरून चालते. रोज ज्या गल्लीतून आपण जातो तिथल्या दुकानांची नावे क्रमाने लिहा म्हटले तर किती जणांना लिहिता येतील? पाहिले की ओळखतो. पण न पाहता सांगता येत नाही. परीक्षेच्या मांडवात मात्र सगळे न पाहताच सांगायचे असते.

या बाबतीत मानसशास्त्रज्ञांनी पुष्कळ काम केले आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन पंडिताने निरर्थक अक्षरांच्या याद्या स्वतःच पाठ करून आपण किती वेगाने विसरतो याचे मोजमाप १८८५ साली प्रसिद्ध केले, ते बहुतेकांच्या कानांवर असेल. आमच्या विषयाला अधिक उपयोगी असा प्रयोग रोडिगर आणि कार्पिक या दोन अमेरिकन संशोधकांनी २००६ साली प्रसिद्ध केला. त्यांनी विद्यार्थ्यांना वाचायला छोटे गद्य उतारे दिले. एका गटाने उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्याने तो एकदाच वाचला आणि मग तीन वेळा, समोर उतारा नसताना, आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा चार वेळा वाचणारे पुढे होते. त्यांना शेकडा ८३ भाग आठवला, लिहून काढणाऱ्यांना ७१. परंतु आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा पारडे फिरले. वाचणाऱ्यांजवळ शेकडा ४० उरला होता, लिहिणाऱ्यांजवळ ६१. याहून मौजेची गोष्ट अशी की, आपल्याला पुढे किती आठवेल असे विचारले असता वाचणाऱ्यांचाच आत्मविश्वास दांडगा होता. पुढे २०१३ साली डनलॉस्की प्रभृतींनी अभ्यासाच्या दहा रीतींची छाननी केली, तेव्हा स्वतःची परीक्षा घेणे आणि अभ्यास दिवसांच्या अंतराने विभागणे या दोन रीतींना त्यांनी वरचा दर्जा दिला; रंगाने खुणा करणे आणि पुन्हा वाचणे यांना खालचा.

हे प्रयोग बहुतांशी माहितीच्या उताऱ्यांवर झालेले आहेत. नाटकाचे रसग्रहण म्हणजे केवळ माहिती आठवणे नव्हे. ज्याला सर्व काही आठवते तो चांगला निबंध लिहीलच असे नाही. पण ज्याला काहीच नेमके आठवत नाही तो लिहूच शकत नाही, हे मात्र आम्ही अनुभवावरून सांगू शकतो.

आता त्या परीक्षेचे स्वरूप पाहू. 'ए लेव्हल' इंग्लंडात १९५१ साली सुरू झाली. मधल्या काळात तिचे तुकडे पाडून वर्षभर थोडी थोडी परीक्षा घेण्याची पद्धत आली होती, ती अलीकडच्या सुधारणेने गेली. इंग्रजी वाङ्मयाचा नवा अभ्यासक्रम २०१५ साली लागू झाला आणि त्याची पहिली पूर्ण परीक्षा २०१७ साली झाली. तेव्हापासून दोन वर्षांचा अभ्यास अखेरीस एकदमच तपासला जातो. किमान आठ पुस्तके लागतात. त्यांतली तीन तरी १९०० च्या आधीची हवीत आणि त्या तिघांत शेक्सपिअरचे एखादे नाटक. एक तरी पुस्तक २००० नंतरचे. शेकडा २० गुण शाळेतच लिहून द्यायच्या निबंधाला, बाकीचे ८० लेखी परीक्षेला. परीक्षा घेणारी मंडळे अनेक आहेत. काही मंडळे परीक्षेत पुस्तक जवळ ठेवू देतात, काही देत नाहीत, काही एका भागाला देतात आणि दुसऱ्याला नाही. पुस्तक जवळ असले की निम्मा भार गेला असे मुलांना वाटते. तसे काही नाही. कुठे काय आहे हे ज्याला ठाऊक नाही त्याचा अर्धा वेळ पाने उलटण्यातच जातो.

आमच्या नातीची परीक्षा ए. क्यू. ए. या मंडळाची. तिच्या पहिल्या प्रश्नपत्रिकेला तीन तास आणि तीन प्रश्न; पहिला शेक्सपिअरचा, दुसरा न पाहिलेल्या दोन कवितांचा, तिसरा दोन नेमलेल्या पुस्तकांच्या तुलनेचा. प्रत्येकी गुण पंचवीस. शेक्सपिअरच्या प्रश्नात नाटकातला एक उतारा छापलेला असतो आणि त्यावर कुणाचे तरी एक मत दिलेले असते. त्या मताच्या प्रकाशात हा उतारा आणि उरलेले नाटक यांची चर्चा करा, असे विचारलेले असते. म्हणजे उतारा समोर आहे, उरलेले नाटक मात्र डोक्यातूनच यायचे. गुण देण्याच्या कसोट्या पाच आहेत. स्वतःचे सुसंगत प्रतिपादन याला सात गुण. लेखकाने शब्द, रचना, प्रवेशांची मांडणी यांतून अर्थ कसा घडविला याला सहा. त्या काळाच्या व समाजाच्या संदर्भाला सहा. इतर वाङ्मयाशी नाते जोडण्याला तीन आणि निरनिराळ्या अर्थांचा विचार करण्याला तीन. कथानक सांगण्याला एकही गुण नाही, हे श्रोत्यांच्या ध्यानात आलेच असेल. नातीच्या उत्तरात दोन पाने कथानक होते.

मग उजळणी करायची ती कशी? आम्ही तिला पहिल्या आठवड्यात एकच काम सांगितले. पुस्तक दुसऱ्या खोलीत ठेवायचे, कोरा कागद घ्यायचा आणि नाटकाचे प्रवेश क्रमाने लिहायचे, प्रत्येकाला एक ओळ. 'ऑथेल्लो'त पाच अंक आणि पंधरा प्रवेश आहेत. पहिले तीन व्हेनिसमध्ये घडतात, उरलेले बारा सायप्रस बेटावर. पहिल्या दिवशी तिला आठ आठवले, त्यांतल्या दोघांचा क्रम चुकला. ती रडकुंडीला आली; पण हा त्रास हेच त्या रीतीचे मर्म आहे. आठवताना मनाला जो ताण पडतो त्यानेच गोष्ट पक्की होते. मग पुस्तक उघडायचे, राहिलेले दुसऱ्या शाईने भरायचे आणि तो कागद फाडून टाकायचा. दोन दिवसांनी पुन्हा कोरा कागद. नंतर पाच दिवसांनी. चौथ्या खेपेला पंधराच्या पंधरा प्रवेश उतरले. यात रोजची पंधरा-वीस मिनिटेच गेली.

इथवर सांगाडा झाला. आता त्यात जीव कसा भरावा ते रुमालाच्या उदाहरणाने सांगतो, कारण एका वस्तूचा माग काढीत सगळे नाटक पुन्हा चालून येणे ही आमच्या मते उजळणीची सर्वांत फलदायी रीत आहे. आपल्या श्रोत्यांना लगेच शाकुंतलातली अंगठी आठवेल. एक वस्तू हरवते आणि तिच्यावर दोन माणसांचे दैव फिरते. तिथे अंगठी सापडते आणि स्मृती परत येते. इथे रुमाल सापडतो आणि बुद्धी जाते.

तर हा रुमाल पहिल्यांदा दिसतो तो तिसऱ्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात. तोवर इयागोने ऑथेल्लोच्या मनात विष कालवलेले आहे. डेस्डिमोना त्याला जेवायला बोलवायला येते. तो कपाळ दुखते म्हणतो. ती आपला रुमाल त्याच्या कपाळाला बांधू पाहते. तो म्हणतो, हा लहान पडतो, आणि बाजूला सारतो. रुमाल खाली पडतो. आणि तो राहू दे, असे सांगणारा ऑथेल्लो स्वतः आहे! एवढी एकच गोष्ट नातीला सापडली आणि ती फोनवर जवळजवळ ओरडलीच, "म्हणजे आजोबा, तो तिनं हरवलेलाच नाही!" नवऱ्याचे डोके दुखते म्हणून ती रुमालाचे भान सोडते, तो स्वतः तो खाली राहू देतो, आणि त्याच रुमालावरून पुढे तिचा जीव घेतो. 'मत्सर' या पिवळ्या रंगाखाली हे सारे झाकून गेले होते.

पुढे माग काढा. एमिलिया रुमाल उचलते, कारण नवरा कितीदा तरी मागत होता. इयागो तो कॅशिओच्या बिऱ्हाडी टाकतो. चौथ्या प्रवेशात ऑथेल्लो डेस्डिमोनाजवळ रुमाल मागतो आणि त्याची कथा सांगतो. एका मिसरी बाईने तो आपल्या आईला दिला होता, त्यात जादू आहे, तो गेला की नवऱ्याचे प्रेम गेले. भेदरलेली डेस्डिमोना, हरवला नाही, असे खोटे सांगते. एमिलिया तिथेच उभी असते आणि गप्प राहते. मग बियांका येते, जिला कॅशिओ त्यावरची नक्षी उतरवून घ्यायला सांगतो. चौथ्या अंकात ती तो रुमाल त्याच्या अंगावर परत फेकते आणि आडोशाला उभा असलेला ऑथेल्लो ते पाहतो. शेवटच्या प्रवेशात पत्नीला मारून झाल्यावर तो पुन्हा त्या रुमालाची हकीकत सांगतो, पण ती निराळी असते. आता म्हणतो, तो माझ्या वडिलांनी आईला दिला होता. मिसरी बाई गेली, जादू गेली.

हा फरक का? पहिल्या वेळी बायकोला धाक घालण्यासाठी त्याने कथा रचली होती काय? की पहिलीच खरी आणि आता व्हेनिसच्या सभ्य माणसांसमोर तो ती साधीसुधी करून सांगतो? की शेक्सपिअरकडूनच राहिलेली ही विसंगती? या प्रश्नाचे एक उत्तर नाही, आणि म्हणूनच तो परीक्षार्थ्याच्या उपयोगाचा. ज्या मुलीला हे दोन प्रवेश नेमके आठवतात तिच्यापाशी ऑथेल्लोचा स्वभाव, परकेपणाची जाणीव, पतिपत्नींतला अविश्वास, एमिलियाचे मौन, स्त्रियांच्या हातून हातात जाणारी वस्तू, अशा पाच प्रश्नांची उत्तरे एकाच वेळी तयार असतात. पाच निबंध पाठ करावे लागत नाहीत. १६९३ साली टॉमस रायमर नावाच्या टीकाकाराने, एवढ्याशा रुमालावर शोकांतिका रचली म्हणून शेक्सपिअरची टर उडविली होती. त्याला काय दिसले नाही, हे सांगितले तरी एक परिच्छेद होतो.

जे वस्तूचे तेच शब्दाचे. या नाटकात 'ऑनेस्ट' आणि त्याची भावंडे पन्नासाहून अधिक वेळा येतात. विल्यम एम्प्सन या टीकाकाराने १९५१ सालच्या आपल्या पुस्तकात त्यांवर एक संपूर्ण प्रकरण लिहिले. पुरुषाला लावला की हा शब्द प्रामाणिक, भरवशाचा असा अर्थ देतो. त्या काळी स्त्रीला लावला की पतिव्रता असा. इयागोला सगळे तो शब्द लावतात, डेस्डिमोनाला तो लावावा की नाही यावर नाटक चालते. हा एक शब्द चार-पाच ठिकाणांसह लक्षात ठेवला की दुसरी आणि तिसरी, दोन्ही कसोट्या एकत्र साधतात.

पाठांतराविषयी मुलांचा मोठा घोटाळा असतो. नातीच्या शाळेतल्या कुणी तरी प्रत्येक पुस्तकातली चाळीस अवतरणे पाठ करण्याचा घाट घातला होता. लांबलचक ओळ पाठ केली की ती उत्तरात कुठे तरी कोंबायचा मोह होतो. त्यापेक्षा दोन-चार शब्दांचे तुकडे, नाटकाला बारा-पंधरा, पुरेसे होतात. मात्र प्रत्येक तुकडा घेताना स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. हे कोण बोलतो आणि कुणाजवळ? यातला कोणता शब्द बदलला तर अर्थ बिघडेल? नाटकात याच्या उलट जाणारे काय आहे? ज्या तुकड्याला तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सापडत नाही तो आम्ही तिला सरळ टाकायला सांगितला. पत्त्यांएवढ्या कार्डांवर एका बाजूला प्रसंग आणि दुसऱ्या बाजूला तुकडा लिहून ती ते बसमध्ये पाहत असे. कार्डे उत्तमच, पण ती स्वतः लिहिलेली असावीत. विकत मिळणारी कार्डे म्हणजे दुसऱ्याने चावून दिलेला ऊस.

टीकाकारांची मते हा आणखी एक धोक्याचा प्रांत. इथे आमची हकीकत येते. एम. ए.च्या परीक्षेला आम्ही ए. सी. ब्रॅडलीचे १९०४ सालचे पुस्तक जवळजवळ मुखोद्गत केले होते. ब्रॅडलीच्या मते ऑथेल्लो थोर मनाचा पुरुष आणि त्याचा घात इयागोच्या कपटाने झाला. प्रश्न आला तो ऑथेल्लोच्या आत्मवंचनेवर. १९२७ साली टी. एस. एलियटने, तो शेवटी स्वतःचीच समजूत घालीत असतो, असे म्हटले होते आणि १९३७ साली एफ. आर. लीव्हिसने ब्रॅडलीवर चढाई करून, ऑथेल्लोचा नाश त्याच्या स्वतःच्याच अहंतेत होता असे प्रतिपादन केले होते. आम्ही काय केले? विचारलेला प्रश्न बाजूला ठेवून पाच पाने ब्रॅडली ओतला. मिळालेले गुण सांगण्यासारखे नाहीत. परीक्षकाला ब्रॅडली पाठ होताच. त्याला आमचे मत हवे होते आणि ते आमच्यापाशी नव्हते.

म्हणून नातीला आम्ही सांगितले की, दोन विरुद्ध मते प्रत्येकी एका वाक्यात स्वतःच्या शब्दांत लिही, आणि लगेच नाटकातला एक असा प्रसंग शोध की जो पहिल्या मताला अडचणीत आणतो, आणि एक असा की जो दुसऱ्याला आणतो. रुमालाच्या दोन हकीकती ब्रॅडलीला थोड्या जड जातात. पण व्हेनिसच्या राजसभेपुढे पहिल्या अंकात ऑथेल्लो ज्या संयमाने उभा राहतो ते लीव्हिसला पचवावे लागते. यापुढे तिचे स्वतःचे मत आपोआपच उभे राहते. या कसोटीत रंगभूमीवरचे प्रयोगही चालतात. लंडनला १९३० साली पॉल रोबसन या कृष्णवर्णी नटाने ही भूमिका केली. १९६४ साली लॉरेन्स ऑलिव्हिएने तोंडाला काळा रंग लावून केली. नाटक तेच, पण प्रेक्षकाने काय पाहावे ते बदलते.

ऐतिहासिक संदर्भाच्या बाबतीत मुले, त्या काळी स्त्रियांना स्वातंत्र्य नव्हते, असे एक वाक्य सर्व पुस्तकांना सारखे लावतात. असले वाक्य शोभेच्या कमानीसारखे. ते काढले तरी इमारत पडत नाही. संदर्भ असा हवा की तो काढला तर वाचनच लुळे पडावे. एक देतो. या नाटकाचा राजदरबारी प्रयोग १ नोव्हेंबर १६०४ ला झाल्याची नोंद आहे. नाटकात वादळाने तुर्कांचे आरमार बुडते आणि सायप्रस वाचतो. प्रत्यक्षात तुर्कांनी ते बेट १५७१ सालीच व्हेनिसकडून जिंकून घेतले होते, आणि ही गोष्ट काही फार जुनी झाली नव्हती. त्याच वर्षीच्या लेपांटोच्या आरमारी लढाईवर खुद्द राजा जेम्सने कविता लिहिली होती. ज्या बेटाच्या रक्षणासाठी ऑथेल्लोला पाठविले आहे ते पुढे जाणारच आहे, हे जाणकार प्रेक्षक मनात घेऊन बसले असतील. या एका गोष्टीने दुसऱ्या अंकातल्या विजयोत्सवाला जी छाया येते, ती स्त्रीस्वातंत्र्यावरच्या दहा सरसकट वाक्यांनी येत नाही.

न पाहिलेल्या कवितांची उजळणी कशी करायची, हा प्रश्न मुले नेहमी विचारतात. तिला उजळणी नाही, सराव आहे. रोज एक अनोळखी कविता मोठ्याने वाचावी आणि कुठे सूर पालटला तेवढे शोधावे; पुष्कळदा सगळा अर्थ त्या वळणावरच असतो.

राहिले घड्याळ. तीन उत्तरांना तीन तास म्हणजे उत्तराला तास. त्यातली पहिली दहा मिनिटे उतारा वाचून आखणी करण्यात घालवावीत, हे पटायला फार जड जाते. शेजारचा भराभर लिहू लागलेला असतो ना! नाती आठवड्यातून एकदा पुस्तकाविना पूर्ण तासाचे उत्तर लिही, आणि इतर दिवशी दहा मिनिटांत नुसती आखणी. प्रश्न वेगवेगळे, साहित्य तेच. आखणीच्या माथ्यावर आपले म्हणणे एका वाक्यात लिहायचे, आणि त्या वाक्यात 'कारण' हा शब्द आला पाहिजे, अशी आम्ही अट घातली होती. 'ऑथेल्लो मत्सरी आहे' हे म्हणणे नव्हे. 'ऑथेल्लो सहज फसतो, कारण व्हेनिसने त्याची तलवार स्वीकारली तरी त्याला घरचा मानलेला नाही, हे तो मनोमन जाणतो' हे म्हणणे झाले. यावर वाद घालता येतो. आणि आठही पुस्तके आळीपाळीने घ्यावीत. एक संपवून मग दुसरे अशी रांग लावली की मेपर्यंत पहिले पुस्तक धुऊन गेलेले असते.

मार्चमध्ये पुन्हा सराव परीक्षा झाली. गुण सतरा पडले. आणखी कसे वाढतील याची चर्चा तिने फोनवर फारशी केलीच नाही. ती एमिलियाबद्दल बोलत राहिली. ती गप्प का राहते, आणि शेवटी जीव जाईल हे दिसत असताना का बोलते, यावर तिचे अर्धा तास व्याख्यान झाले. मग तिने विचारले, "आजोबा, तुम्ही म्हणाला होता की मराठीत पण ऑथेल्लो आहे. त्यात रुमालाचं काय केलंय?"

गोविंद बल्लाळ देवलांचा 'झुंझारराव' १८९० सालचा. तो आम्ही विशीत असताना वाचला होता, आणि वाचला आहे असे आजवर मोठ्या भरवशाने सांगतही आलो. "उद्या सांगतो," असे म्हणून आम्ही फोन ठेवला. कपाटाकडे हात गेला होता, तो मागे घेतला, आणि टेबलावर एक कोरा कागद घेऊन बसलो. पाऊण तासात चार ओळी झाल्या. त्यांतल्या दोहोंपुढे प्रश्नचिन्ह होते. मग उठून पुस्तक काढले.